दहा बेटांची यादी

प्रिय ताई,

किमचीचा डबा पोहोचला. तू झाकणाला चार वेढे चिकटपट्टी लावली होतीस, तरी लिफ्टमधून वर येईपर्यंत आंबवलेल्या मोहरीच्या पानांचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. समोरच्या खोलीतले सत्ताधारी पक्षाचे खासदार दार उघडून म्हणाले, "ब्यॉनबाई, निदान जेवणात तरी सरकारला सामील करून घ्या." मी त्यांना वाटीभर दिली. त्यांची आई आपल्याच बेटांकडची आहे. खाताना त्यांचे डोळे पाणावले आणि नंतर म्हणाले की तिखट जास्त आहे.

दाजींचा पाय अजून सुजतोय का? फोनवर विचारलं की ते "मस्त आहे, घोडा आहे मी" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात. गेल्या हिवाळ्यात वाऱ्यानं दोन दिवस बोट सुटली नाही, तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून त्यांना मोक्पोच्या दवाखान्यात नेलं, तेव्हाही ते असंच म्हणत होते. आठवड्यातून तीन दिवस पहाटे बोट धरायची, चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडायचं, संध्याकाळी परत. मागच्या सणाला ते मला धक्क्यावर घेऊन गेले आणि समुद्री शेवाळाच्या जाळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "मशीन इथं आलं ना, तर तीन दिवस माझे मला परत मिळतील. बाकी काही नको." तू मागून ओरडलीस, "थंडी लागेल, आत या." मी ते वाक्य घेऊन सोलला आले.

गेल्या आठवड्यात मंगळवारी तू मला टीव्हीवर पाहिलंस. लगेच फोन केलास, "चांगलं झापलंस गं त्याला! पण आपल्या बेटाचं नाव का नाही घेतलंस?" मी म्हटलं, वेळ संपला. वेळ संपतो हे खरंच आहे. इथं समितीत प्रत्येकाला सात मिनिटं मिळतात, सातव्या मिनिटाला माईक आपोआप बंद होतो आणि मग नुसते ओठ हलताना दिसतात. मंत्र्यांना मी विचारलं होतं की निवडणुकीत दहा मोठ्या बेटांवर तीन वर्षांत डायलिसिसची सोय करू म्हणालात, त्याचं काय झालं? बंदरावर पर्यटकांसाठी काचेचा देवमासा उभा राहिला, त्याच्या पोटात उपाहारगृहही झालं, एक तरी मशीन कुठल्या बेटावर पोहोचलं का? मंत्री म्हणाले, "गांभीर्यानं विचार चालू आहे." मागून आमचे लोक ओरडले, "तीन वर्षं विचारच करताय?" त्यांचे लोक ओरडले, "खाली बसा!" इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर मला दहा बेटांची यादी वाचायची होती. कुठल्या बेटावर किती रुग्ण, कितीदा बोट रद्द झाली, कोण वाटेत गेलं, सगळं दीड पानात होतं. माझ्याकडे पूर्ण दोन मिनिटं शिल्लक होती, ताई. मी ती मासळीच्या आयातीवर एक निरुपद्रवी प्रश्न विचारण्यात घालवली.

त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. समितीतले सरकारपक्षाचे म्होरके प्यो माझ्या खोलीत आले होते. माणूस गोड आहे, खुर्चीवर बसायच्या आधी बूट पुसतो. म्हणाले, "ब्यॉनबाई, भाषण जोरदार करा. देवमाशाला हवं तितकं झोडा, मलाही तो आवडत नाही. फक्त ती यादी नको. दहा नावं एकदा इतिवृत्तात गेली की दहाही बेटांना मशीन द्यावं लागतं. एकाचं मी बघतो." आणि त्यांनी माझ्याच टेबलावरचा कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

तुला चिठ्ठ्यांबद्दल माहीत आहे, मी त्यांच्याविरुद्ध किती भाषणं केली तेही तू ऐकलं आहेस. अर्थसंकल्प उघड समितीत चर्चेला येतो, मग उपसमितीत जातो, आणि मग उपसमितीची एक लहानशी उपसमिती बंद दाराआड बसते. तिथं कुणी काय बोललं याची नोंद राहत नाही. तिथं चिठ्ठ्या आत जातात. कुणाच्या गावाला रस्ता, कुणाच्या गावाला व्यायामशाळा. "देश चिठ्ठ्यांवर चालवणार आहात का?" असं मी भर सभागृहात विचारलं होतं, ते वाक्य अजून लोक मला ऐकवतात. त्या दिवशी मी पेन उचललं आणि आपल्या बेटाचं नाव लिहिलं: गालदो, डायलिसिस मशीन दोन, परिचारिका दोन. माझ्या अक्षरात. लिहिताना दाजींचा धक्क्यावरचा हात दिसत होता, हे कारण म्हणून सांगत नाही. दिसत होता इतकंच. प्योंनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडचा चहाही न पिता गेले.

तुला मी फक्त एवढंच सांगितलं की मशीनची चिठ्ठी दिली आहे, होईल बहुतेक. तू "बहुतेक" हा शब्द ऐकलाच नाहीस. या सोमवारी मी सभागृहात बसले होते, बाहेर दाट धुकं होतं, दाजींचा मशीनचा दिवस होता आणि फोन थरथरला. वर सज्जात छायाचित्रकार दुर्बिणीएवढी भिंगं लावून आमच्या मांडीवरचे फोन टिपत असतात, हे इथं पोरासोरांना माहीत आहे. नव्या खासदारांना पहिल्या दिवशी मीच सांगते, फोन डेस्कच्या आत धरायचा, नाहीतर सासूचा निरोपही पहिल्या पानावर येईल. पण तुझं नाव दिसलं आणि मला वाटलं, बोट सुटली नाही. मी फोन वर धरून निरोप वाचला. "चिठ्ठी पास झाली का? मशीन आपल्याकडेच येणार ना? तुझे दाजी विचारतायत."

तू त्या दिवसापासून दहा वेळा माफी मागितली आहेस. पुन्हा मागू नकोस. चूक माझीच होती, आणि ती फोन वर धरण्याच्या आधीच झाली होती. त्या निरोपाचं छायाचित्र छापून आल्यावर समोरच्या बाकांवरून रोज आवाज येतो, "ओ ब्यॉनबाई, दाजी बरे आहेत ना?" हसतात. आमच्या बाकांवर कुणी हसत नाही, ते जास्त लागतं. आमच्या पक्षाच्या नेत्यांनी बोलावून सांगितलं, "तू दोन-तीन दिवस दवाखान्यात दाखल हो. ताण आला म्हणू." मी म्हटलं, आमच्या दाजींना खाट मिळवायला समुद्र ओलांडावा लागतो आणि मी धडधाकट बाई ताणासाठी खाट अडवू? ते म्हणाले, "मग गप्प राहा. विषय मरेल." आणि प्योंचा फोन आला, नेहमीसारखा गोड. "घाबरू नका. चिठ्ठी आहे तशीच आहे. शुक्रवारी संध्याकाळी अर्थसंकल्पाचा कागद छपाईला जाईल, तोवर शांत राहा. छपाईपर्यंत काहीही वगळता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

आता बघ, ताई, मी कुठं उभी आहे. बोलले तर मशीन जातं. गप्प राहिले तर मशीन येतं, आणि पुढची सगळी वर्षं प्यो मला चहाचं आमंत्रण देत राहतील. तू म्हणालीस की गावानं आभाराचा कापडी फलक रंगवायला टाकलाय, माझ्या नावाचा, धक्क्यावर लावायला. तोपर्यंत मला वाटत होतं की मी गप्प राहू शकेन.

मग काल मेंग आजींचा फोन आला. त्याच, ज्या मोक्पोला दाजींच्या शेजारच्या खाटेवर असतात आणि त्यांना उकडलेली रताळी देतात. त्यांचं बेट आपल्याहून तासभर लांब. त्यांनी छायाचित्राबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "मुली, शुक्रवारी तुझं भाषण आहे ना? आमच्या बेटाचं नाव नीट मोठ्यानं वाच हं. त्या नावाची दोन बेटं आहेत, सरकार नेहमी दुसऱ्यालाच समजतं." मी म्हटलं, हो आजी. "आणि यादीत आम्ही कितवे?" मी म्हटलं, सातवे. त्या म्हणाल्या, "सात चांगला आकडा आहे," आणि फोन ठेवला. मी त्यांना हो म्हटलं होतं, ताई, आणि म्हणताना मला ठाऊक नव्हतं की मी खोटं बोलतेय की खरं.

आज गुरुवार आहे. उद्या समितीची शेवटची बैठक, मला सात मिनिटं आहेत. मी आधी माझी चिठ्ठी वाचणार आहे, कुणी लिहिली, कुणाला दिली, बदल्यात काय गिळलं ते. मग दहा नावं, गालदोसकट. संध्याकाळी छापलेल्या कागदात आपलं मशीन नसेल, हे मला जवळजवळ नक्की माहीत आहे. दाजींचे तीन दिवस मी परत समुद्रात टाकतेय, त्यांना न विचारता. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू नुसतं "नको गं" म्हणाली असतीस आणि मी थांबले असते, लहानपणापासून थांबत आले तशी. संसदेच्या आवारातल्या पोस्टात टाकलेलं पत्र सोमवारी संध्याकाळच्या बोटीनं येतं, दाजी परततात त्याच बोटीनं. तोवर तुला मला अडवता येणार नाही. आणि मलाही मागं फिरता येणार नाही, कारण उद्या ऐनवेळी माझी जीभ अडखळली, तरी सोमवारी तुझ्या हातात हे सगळं माझ्या अक्षरात असेल. पोस्ट सहाला बंद होतं. आधी हे टाकून येते, मग भाषण लिहायला बसते.

तुझीच,
ओक-रिम