भुशाच्या शेगडीवरचं डोहाळजेवण

आई, काल दुपारी मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत भुशाची शेगडी पेटवली आणि चाळीस माणसांचा मसालेभात केला. हस, हस, मनापासून हस. घरात गॅस आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझी शेगडी भंगारवाल्याला देऊन टाकणारी मी, आणि गेल्या आठवड्यात तेलाच्या पत्र्याच्या डब्यांसाठी आमचं अख्खं आचोळं पालथं घालत होते. शेवटी नाक्यावरच्या फरसाणवाल्याने दोन रिकामे डबे दिले. तो विचारतो, "मावशी, झाडं लावणार का यात?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, भात लावणार." त्याला काही कळलं नाही, आणि मलाही समजावून सांगायला वेळ नव्हता.

आता नीट सांगते. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तुझा नातू, ज्याला तू गूळपोळी भरवायचीस, तो आता बाप होणार आहे. सूनबाई वटार गावची, वाडीतली, केळी-नारळाच्या बागेत वाढलेली. गुणी आहे हो, पण पोरीच्या नशिबात आई नाही. दहा वर्षांची असताना गेली. वडिलांनी एकट्याने वाढवलं. लग्नाआधी एकदा ती मला सहज बोलून गेली होती की, माझ्या नावाने घरात कधी काही साजरं झालंच नाही, बाबांना त्यातलं काही कळायचं नाही. त्याच दिवशी ठरवलं, हिचं डोहाळजेवण मी असं करीन की हिला आईची उणीव भासता कामा नये. सातवा लागला तसा रविवार धरला, हॉल नको म्हणून गच्चीवर मांडव, चाळीस माणसं, केटरर ठरवला. आणि आठ दिवस आधी त्या केटररचा फोन, "काकू, मोठा सिलिंडरच मिळत नाहीये, ऑर्डर कॅन्सल धरा." तिकडे समुद्रापलीकडे कुठेतरी युद्धाचा भडका उडालाय आणि इकडे आमच्या चुली थंड. घरच्या सिलिंडरचा नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. जो होता त्यात करंज्या तळून निघतील एवढाच गॅस. तुझ्या नातवाने मिळेल त्या भावाला इंडक्शन आणलं, तर त्याच्यावर चाळीस माणसांचं पातेलं बसेना, आणि बसवून बघायला गेलो तर लाइट गेली. दुष्काळात तेरावा महिना! सूनबाई म्हणाली, "आई, राहू दे. आपण घरच्या घरी केक कापू." असं हसून म्हणाली की मला तिचाच राग आला. मी म्हटलं, "केक तुझ्या ऑफिसात काप. माझ्या घरात मसालेभात होणार म्हणजे होणार." बोलून तर बसले, पण कशावर करायचा ते मलाच ठाऊक नव्हतं.

आणि मग तू आठवलीस. नालासोपाऱ्याची आपली ती दोन खोल्यांची जागा, मागच्या दारी पायरी, पायरीवर शेगडी. रॉकेलच्या रांगेतून तू रिकामा डबा घेऊन परत यायचीस आणि लाकडाच्या वखारीतून भुसा आणायला मला पाठवायचीस. डब्याच्या मधोमध सरबताची बाटली उभी, खालच्या भोकातून लाटणं आत सारलेलं, बाटलीच्या पायाला टेकवलेलं. मग तू मूठ मूठ भुसा टाकतेस आणि बत्त्याने ठोकतेस. ठोकतेस म्हणजे काय, बाबांवरचा सगळा राग त्या भुशावर काढतेस. मी शेजारी उकिडवी बसलेय. "आता काढू? आता काढू?" मी विचारते. आणि एकदा तू आत मीठ आणायला गेलीस तेवढ्यात मी बाटली दोन्ही हातांनी धरून सरळ ओढलीच. भस्सदिशी सगळा भुसा आत कोसळला. तू आलीस, बघितलंस, कमरेवर हात ठेवलास. "बाटली ओढायची नसते, बये, फिरवायची असते. बाटलीलाच कळता कामा नये की आपण तिला बाहेर काढतोय. तुझ्यासारखी घाई देवाला झाली असती तर माणसं अर्धवटच जन्माला आली असती." त्या दिवशी जेवायला चार वाजले, पण परत सगळा भुसा तू माझ्याकडूनच ठोकून घेतलास. मला वाटतं, शाळेत शिकलेलं सगळं मी विसरले असेन, ते मात्र हातात राहिलं.

हातात राहिलं खरं, पण डोकं कुठे राहिलं होतं? भुसा कुठून आणायचा म्हणून मी आमच्या मागच्या गाळ्यांत गेले, जिथे मॉड्युलर किचन बनवतात. त्यांनी आनंदाने दोन गोण्या फुकट दिल्या, वर पोचवूनही गेले. हे म्हणाले, "बघ, फुकटातलं आहे, जपून." मी म्हटलं, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. शुक्रवारी सकाळी गच्चीत तालीम घेतली. बाटली फिरवत फिरवत अशी सुरेख काढली की भोक अगदी गोल, आरपार. कागद पेटवून खाली सरकवला आणि, अगं बाई, काय तो धूर! पिवळा, जाड, डोळे झोंबवणारा, आणि वास असा की कोणीतरी चप्पल जाळतंय. खालून आरडाओरडा. सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवर बादली घेऊन धावत वर आले आणि विचारपूस न करता माझ्या शेगडीवर ओतून मोकळे झाले. मग म्हणाले, "काकू, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "डोहाळजेवण." त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. हे जिन्यात उभे राहून भिंतीला टेकून हसत होते. मेलं, चूक कुठे झाली तेच मला कळेना. तुझ्या भुशाला कधी असा वास नव्हता.

संध्याकाळी व्याही आले, केळीचा घड आणि नारळ घेऊन. गोणीत हात घातला, चिमूट नाकाशी नेली आणि मान हलवली. "विहीनबाई, हा नाय चालनार. हे प्लायवूड हाय, याच्यात नुसता गोंद हाय. लाकडाचा भुसा पायजे." आता बोल! फर्निचरचा भुसा तो लाकडाचाच, एवढंच आमच्या डोक्यात. आमच्या घरात कपाट, पलंग, देव्हारा सगळं प्लायवूडचं, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही. शनिवारी दुपारी ते स्वतः टेम्पोत बसून खऱ्या वखारीतला भुसा घेऊन आले, सागाचा, सुका, पिवळसर. चार गोण्या. पोरीसाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून माणूस इतका खूश होता की घामाने निथळत पाच मजले दोनदा चढला, लिफ्टमध्ये गोणी नेऊ देत नाहीत म्हणून. मग मी ठोकायला बसले आणि ते समोर उकिडवे बसले. "आता काढू?" त्यांनीच विचारलं. आई शप्पथ, मला असं हसू फुटलं की बत्ता हातातून सुटला. सेक्रेटरींची परवानगीही मिळाली, दोन बादल्या पाणी जवळ ठेवायचं आणि त्यांच्या बायकोला शेगडी शिकवायची या अटीवर, कारण त्यांचाही सिलिंडर संपायला आला होता.

आणि कालचा दिवस! दोन्ही शेगड्या अशा पेटल्या, धूर नाही, आवाज नाही, आत नुसता लालबुंद निखारा. विटांवर पातेली चढली. इकडे बायका फुलांची वाडी भरतायत, सूनबाई हिरव्या साडीत, हातभर बांगड्या, झोपाळ्यावर बसवलेली. वाटीखाली पेढा आणि बर्फी ठेवली तर तिने दोन्ही वाट्या एकदम उघडल्या, म्हणे, मला दोन्ही हवंय, भूक लागलीय. तिचे बाबा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे. सगळ्या तिची ओटी भरत होत्या आणि तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला इतका आनंद कधी झाला होता ते आठवत नाही, माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणातही नाही. त्या आनंदातच मी पातेल्यांकडे पाठ करून गाणी म्हणत बसले.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते तुला सांगते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच सांगते. भाताचं पाणी आटलं तेव्हा मी आच कमी करायला गेले आणि माझा हात बटण शोधत राहिला. शेगडीला बटण कुठलं असणार? तू खालच्या भोकाला विटेचा तुकडा लावायचीस, तो मला आज पातेली घासताना आठवला. काल तोवर भात लागला होता, दोन्ही पातेल्यांत, चांगला बोटभर. वरच्या भातालाही करपल्याचा वास. वाढायला घेतलं तशी सेक्रेटरींची बायको नाक वर करून म्हणाली, "काकू, हा वास वेगळाच आहे हं." चाळीस माणसं पंगतीत, पोर समोर बसलेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही आमच्या आईची खास पद्धत. भुशाच्या शेगडीवर ती भात मुद्दाम थोडा लागू द्यायची." झालं! मग काय विचारतेस, सगळ्यांना तो वास आवडायलाच लागला. खरवडीसाठी भांडणं लागली. जिला तीन महिने अन्न नकोसं झालं होतं, त्या आपल्या सुनेने तीनदा भात घेतला आणि पंगत उठल्यावर वही उघडून बसली, "आई, आजींची पद्धत नीट सांगा. बाळ मोठं झालं की त्याला करून घालीन." उभ्या आयुष्यात तू भाताचं एक शीत करपू दिलं नाहीस, आई. तरी मी तिला सगळं सांगितलं, किती वेळ लागू द्यायचा तेसुद्धा, आणि तिने वर तुझं नाव लिहिलं.