फक्त चढायच्या पायऱ्या

रोम, गुरुवार

फिलोमेनाताई,

हे पत्र टपालात टाकायचा धीर मला होणार नाही, म्हणूनच खरं लिहितो. आई सोमवारपासून सापडत नाही. फोनवर "ती झोपलीय" म्हणालो, ते खोटं होतं.

मी, आसुंता, मुलं आणि आई, आम्ही सगळे पवित्र जिन्यापाशी गेलो होतो. तो जिना प्रार्थना करत गुडघ्यांवरच चढायचा असतो, म्हणून आईला खाली बाकावर बसवलं. कित्येक महिन्यांनी तिने मला ओळखून नावाने हाक मारली. "दोनातो, माझ्यासाठीही माग हं. आणि विजार फाडू नकोस, मी आता शिवून देणार नाही."

अठ्ठावीस पायऱ्या मी एकच मागत चढलो: देवा, आईचं करून थकलो, मला सोडव. बाजूच्या जिन्याने उतरलो, तेव्हा बाक रिकामा होता. मुलांना घेऊन पाणी आणायला गेलेली आसुंताही तेवढ्यात परतली.

पोलीस शोधताहेत. आज मी पुन्हा वर गेलो आणि मागितलेलं परत घ्यायला त्याच पायऱ्या गुडघ्यांवर उतरू लागलो. रखवालदाराने दंड धरला.

"अहो काका, इथून कुणी उतरत नाही. इथून फक्त चढतात."

ताई, मग मी ते परत कसं घेऊ?

तुझा,
दोनातो