घरची बोट आणि तिचा ड्राइव्ह

३ फेब्रुवारी
बोट कायम पाण्यातच ठेवणार. निर्णय पक्का. धक्क्यावर माझ्या शेजारी एका डेंटिस्टची बोट असते. तो काम झालं की ती उचलून किनाऱ्यावर ठेवतो. बोट काय वाळत घालायची वस्तू आहे?
फक्त ड्राइव्ह जपायला हवा. मागे पाण्यात लोंबणारा, पंखा फिरवणारा भाग. ॲल्युमिनियमचा, त्यामुळे खारं पाणी त्याला खातं. म्हणून त्यावर जस्ताचे ठोकळे बसवायचे. ते झिजतात, ड्राइव्ह वाचतो. घरात हे झिजायचं काम मी करतो. हिला तसं म्हणूनही दाखवलं. ही भांडी घासत होती.
संकल्प : दर रविवारी ड्राइव्ह गोड्या पाण्याने धुणे.

१७ फेब्रुवारी
धुतला नाही. नळी आखूड पडते. हिला सांगून ठेवलंय, लांब नळी आण.

१० मार्च
रंगासाठी बोट वर घेतली. तळाला निळा रंग, तांबं घातलेला, शेवाळ धरत नाही असा. उरलेला ड्राइव्हवर आणि ठोकळ्यांवर फासला. राजेशाही दिसतं. डेंटिस्ट म्हणाला, रंगवलेलं जस्त काम करत नाही, आणि तांब्याचा रंग ॲल्युमिनियमची वाट लावतो. जन्मभर लोकांचे दात बघितलेला माणूस. त्याला सगळीकडे कीडच दिसणार.

२२ एप्रिल
आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे हिने नेलं. नजर जात चालली आहे. जे बघायचं ते या वर्षात बघून घ्या म्हणाले. आई घरी येऊन म्हणाली, मला एकदा दीपगृह दाखव. तिचे वडील तिथला दिवा सांभाळायचे, ती त्या बेटावरच वाढली. म्हटलं, एवढंच ना? घरची बोट आहे.

२५ एप्रिल
डेंटिस्टला हिने सांगितलं असणार. म्हणाला, रविवारी मी नेतो आईंना. घरची बोट असताना आई परक्याच्या बोटीतून जाणार? तोंडावर नाही म्हणालो. आधी सीटचं कापड बदलतो, मग मीच नेतो.

१९ जून
आई विचारत होती. कापडाचा रंग मनासारखा मिळत नाही, असं समजावलं. तिने मान हलवली. तिला पटलं.
आज एक युक्ती केली. ड्राइव्ह वर उचलून ठेवला. पाण्यात नाही तर गंजणार कसा? डेंटिस्ट म्हणाला, ठोकळे पाण्याबाहेर आले आणि ड्राइव्ह बोटीला जोडणारा सांधा पाण्यातच राहिला, हे उलट झालं. त्याला उत्तर देत नाही हल्ली.

२ ऑगस्ट
ड्राइव्हवर रंगाखाली फुगे. खरवडले तर पांढरी भुकटी. मीठ असेल.

१४ सप्टेंबर
कापड झालं. आज आईला नेलं. ती नवी साडी नेसून पहाटेपासून तयार होती. धक्क्यावर खुर्ची टाकून तिला बसवलं. ड्राइव्ह खाली येईना. लाथ मारली तेव्हा आला. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. मग बोटीत पाणी शिरायला लागलं. मी बादलीने उपसत होतो आणि आई विचारत होती, निघालो का रे आपण? ही म्हणाली, नाही आई, चला घरी.
हल्ली बोटी बनवणारेच चोर आहेत.

१६ सप्टेंबर
क्रेनने बोट वर काढली. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो ड्राइव्हमध्ये बिस्किटात जावा तसा आत गेला. निळ्या रंगाखालचे ठोकळे मात्र नव्यासारखे कोरे. बघा, माझ्या ठोकळ्यांना काहीही झालेलं नाही.
संकल्प : महिन्याभरात नवा ड्राइव्ह.

९ नोव्हेंबर
ड्राइव्ह अजून आला नाही. आज दुकानदाराला झापायला गेलो होतो. परत आलो तर घराला कुलूप. धक्क्यावर धावलो. डेंटिस्टची बोट परत येत होती. तो टोपी घालून पुढे, आईकडे पाठ करून, आई मागे शालीत, ही तिला धरून.
मला न विचारता! हिला म्हणालोसुद्धा. ही म्हणाली, तुम्हाला विचारत विचारत नोव्हेंबर आला. आईला आता माणूस आहे एवढंच दिसतं, कोण आहे ते नाही. दीपगृह नाहीच दिसलं. पण बेटाजवळ पोचल्यावर तिने लाटांचा आवाज ओळखला, आणि मग सगळा वेळ रडत होती.
संध्याकाळी आईजवळ जाऊन बसलो. तिने चाचपडत माझा हात धरला. म्हणाली, किती सांभाळून चालवलीस रे बोट. मला तर वाटलं होतं, तू नेतच नाहीस.
ही दारात उभी होती.
मी आईला म्हणालो, ड्राइव्हची निगा राखली की बोट अशीच चालते.
ही आत निघून गेली.