शेवटचा अर्धा फेरा

मी, नत्थूजी कवडूजी लांजेवार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पंखे व कुलर दुरुस्ती, राहणार सक्करदरा, तलावामागची वस्ती, नागपूर, माझ्या पश्चात घरात भांडण होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या पत्नीचे याबाबत मत वेगळे आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणाऱ्यांची नावे पुढे येतीलच.

उजवा हात कंपवाताने थरथरतो, म्हणून मजकूर मी सांगत आहे आणि माझे स्नेही मनोहरराव लिहीत आहेत. ते कोर्टात कारकून होते. अवांतर बोलू नका, अशी ताकीद त्यांनी सुरुवातीलाच दिली. मी म्हटले, अवांतर काढून टाकले तर माझ्याजवळ वाटायला उरते काय? लिहा.

कलम १. राहते घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले आहे. माझ्यानंतर ते पत्नी सौ. कौशल्या हिचे, आणि तिच्यानंतर मुलगा गिरिधर व मुलगी पुष्पलता यांचे निम्मेनिम्मे. मागच्या अंगणातला पेरू कोणी तोडू नये. त्याची सावली कौशल्येच्या भांडी घासायच्या जागेवर पडते.

कलम २. बँकेत जे काही आहे ते कौशल्येचे. आकडा तिला माहीत आहे, इतरांनी विचारू नये.

कलम ३. मोठ्या रस्त्यावरचे माझे दुकान, आतल्या टेबलासह, गुंडाळणीच्या यंत्रासह आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या बाकासह, मी पूर्णपणे पुष्पलता हिला देत आहे. ते तिच्याकडून काढून घेण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा तिला समजावून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. समजावून सांगण्याचा, हे शब्द खोडू नका, मनोहरराव.

याचे कारण लिहून ठेवतो. पुष्पलता कन्हानला दिली होती. जावई वारल्यावर ती परत आली आणि घरात रडत बसण्यापेक्षा दुकानात येऊन बसू लागली. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळण्याचे काम ती माझ्याहून चांगले करते. पंखा सुरू केल्याबरोबर नुसत्या आवाजावरून आसाचा बुश झिजला की तार जळाली ते सांगते. पण लहानपणी जांभळीवरून पडून तिचे उजवे मनगट मोडले आणि हाड वाकडे जुळले. मूठ घट्ट आवळते, मनगट मात्र अर्ध्या फेऱ्याच्या पुढे वळत नाही. डाव्या हाताला तर पेचकस धरताच येत नाही. आता, कुलर म्हणजे स्क्रूच स्क्रू. मोटारीला स्क्रू, पंपाला स्क्रू, खसच्या ताट्यांच्या चौकटींना स्क्रू. दरवेळी तिला म्हणावे लागे, "बाबा, एवढा खोलून द्या ना." गिऱ्हाईक बाकावर बसून हसे. माझ्या पोरीला कोणी हसलेले मला खपत नाही, पण गिऱ्हाइकाला हाकलताही येत नाही.

कलम ४. पेचकसांबाबत. या कलमावरून घरात महिनाभर बोलणे बंद होते, म्हणून ते नीट वाचावे.

माझ्याकडे दोन पेचकस महत्त्वाचे आहेत. पहिला बाभळीच्या मुठीचा, माझ्या वडिलांनी लोहाराकडून घडवून घेतलेला. दुसरा चार्जिंगचा, बिनवायरचा, शेजारी मधुसूदन यांच्या मुलाने कुवेतहून आणून दिलेला. बटण दाबले की आपोआप फिरतो.

हा दुसरा मी फार दिवस दुकानात वापरू दिला नव्हता, आणि त्याची कारणे अजूनही खरी आहेत. मशीनला कुठे थांबायचे ते कळत नाही. कुलरचा पत्रा पातळ असतो. स्क्रू जरा जास्त आवळला गेला की आटे मरतात, स्क्रू नुसता गरगर फिरतो, आणि भर मे महिन्यात अख्खा कुलर खडखडून घर जागे ठेवतो. स्क्रू बसला हे हाताला समजते. म्हणून माझ्या दुकानाची रीत अशी की कशानेही लावा, शेवटचा अर्धा फेरा हाताने द्यायचा.

यंदा एप्रिलात कापडवाले ताराचंद कुलर घेऊन आले. मी चौकट बसवत होतो, हात थरथरला, पेचकस खाचेतून निसटला आणि सरळ नव्या खसमधून आरपार गेला. ताराचंद छताकडे पाहत राहिले. तेच जास्त लागले. पुष्पलता उठली, कपाटावरचा खोका उतरवला आणि चार्जिंगच्या पेचकसाने ती चौकट लावू लागली. खोका धूळ खात पडला असेल असा माझा समज होता. पण पेचकस चार्ज केलेला होता, म्हणजे बाईसाहेबांची तयारी आधीच झाली होती. मी माझी लाकडी मूठ धरून उभाच. तेव्हा ताराचंद म्हणाले, "नत्थूजी, असे काहून उभे गा? पोरगी करून राहिली ना, करू द्या तिले."

सगळे स्क्रू टेकले तशी तिने मशीन बंद केले आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाबा, आता तुमचा पेचकस आना. शेवटचा फेरा मशीनले नाही समजत."

माझ्या हाताने तो फेरा होईना. तिने माझ्या मुठीवर तिची मूठ ठेवली आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक स्क्रू आवळला. कुलर सुरू झाला. काही खडखडले नाही. मला त्या दिवशी फार बरे वाटले, आणि ते मी तिला सांगितले नाही, म्हणून इथे सांगतो.

यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली तेव्हा पाटावर बाभळीच्या पेचकसाशेजारी चार्जिंगचा मी स्वतः ठेवला आणि त्यालाही झेंडू वाहिला. गिरिधर कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून सहकुटुंब आला होता. तो तिथे नोकरीला आहे. प्रसाद हातात घेऊन म्हणाला, "बाबा, बाईच्या हातून कुलर कोन दुरुस्त करून घेईन? दुकान औषधवाल्याले भाड्यानं देऊन टाका. पुष्पीले भाडं भेटन, घरी आरामात राहीन. तुमचा पेचकस तिले आठवन म्हनून द्या. चार्जिंगचा मले द्या, क्वार्टरात कामी येते."

तो वाईट मनाने बोलला नाही. बहिणीची काळजी त्याला खरीच आहे. पण मलाही क्षणभर तेच योग्य वाटले, की वडिलोपार्जित पेचकस द्यावा, मान तिला मिळावा. तेव्हा कौशल्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या घरात वकील तीच. म्हणाली, "तिच्या मनगटाले जो फिरत नाही तो पेचकस देऊन का करता? रोज हळदकुंकू वाहीन का पोरगी त्याले? मान नोका देऊ, काम द्या."

पुष्पलता पाटावरची फुले सारखी करत बसली होती. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण हात दिसत होते.

तर माझा निर्णय असा. दोन्ही पेचकस पुष्पलताचे. एकट्याने एकही पुरा पडत नाही. चार्जिंगचा तिने दुकान उघडण्याआधी भरून घ्यावा, उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आणि बाभळीची मूठ मी तासून तिच्या तळहाताच्या मापाची केली आहे. कौशल्या भाजी निवडत असताना पाहून म्हणाली, बापाची वस्तू तासता का? मी म्हटले, वस्तू बापाची आहे, पण हात लेकीचा आहे. आता ती मूठ दुसऱ्या कोणाला बसणार नाही, म्हणून कोणी मागूही नये.

कलम ५. उपरोक्त मधुसूदन यांनी माझा मोठा पेचकस नेऊन त्याने रंगाचे डबे उघडले आणि टोक वाकवून परत आणून दिला. त्यावर अजून हिरवा रंग आहे. मुलाने कुवेतहून आणलेल्या वस्तूने फिट्टंफाट झाली असे ते म्हणतात. तसे नाही. तो हिरवा पेचकस मी त्यांनाच देत आहे. त्यांनी तो भिंतीवर टांगावा. बाकी माणूस चांगला आहे, रात्री-अपरात्री धावून येतो, म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे.

कलम ६. गिरिधर यास. बाळा, माझे मनगट तुला मिळाले आहे आणि तू त्याने फायली उचलतोस. चार्जिंगच्या पेचकसात एक उणीव आहे, गंजलेला स्क्रू त्याला निघत नाही, नुसती खाच खातो. वर्षभर पडून राहिलेले कुलर होळीनंतर येतात ते सगळे गंजलेले. तेव्हा होळी ते अक्षय तृतीया दर रविवारी तू कोराडीहून यावे आणि बहिणीला गंजके स्क्रू सैल करून द्यावेत. रॉकेलचे दोन थेंब टाकावेत, चहा होईपर्यंत थांबावे, आधी किंचित आवळावा, मग सोडावा. एकदम जोर लावू नये, तुझा स्वभाव तोच आहे. चहा पुष्पलता देईल. ही अट कोर्टात टिकत नाही असे मनोहरराव म्हणतात. तू आला नाहीस तर कोर्ट काही करणार नाही, मीही काही करू शकणार नाही. पण तू येशील.

कलम ७. दुकानावर नवी पाटी लावून झाली आहे. त्यावर "पुष्पलता पंखे व कुलर दुरुस्ती केंद्र" असे रंगवून घेतले आहे. सध्या वर गोणपाट बांधले आहे, त्यामागे काय आहे असे विचारणाऱ्यांना मी रंग वाळायचा आहे म्हणून सांगतो. पाटी मी स्वतः बसवली, चार्जिंगच्या पेचकसाने. हात थरथरत होता, पण बटण दाबायला थरथर आड येत नाही, हे तेव्हा कळले. चारही कोपऱ्यांचे स्क्रू टेकवून थांबलो आहे. पाटी पडणार नाही, पण पक्की झालेली नाही.

माझ्या तेरवीनंतर दुकान उघडाल तेव्हा गोणपाट काढावे, पुष्पलताला स्टुलावर उभे करावे आणि बाभळीचा पेचकस तिच्या हातात द्यावा. प्रत्येक स्क्रूला अर्धाच फेरा उरला आहे. तेवढे तिचे मनगट वळते. गिरिधरने स्टूल धरावे, हात लावू नये.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे. सही वाकडीतिकडी आली तरी माझीच आहे, कोणाला माझा हात धरू दिलेला नाही.

सही: नत्थूजी कवडूजी लांजेवार

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. ताराचंद, कापडाचे व्यापारी, सक्करदरा
२. मधुसूदन, शेजारी (कलम ५ मान्य नाही. सही केली आहे.)

लिहिणार: मनोहरराव

ठिकाण: नागपूर
दिनांक: २१ नोव्हेंबर १९८७