वारुळाची माती

आये, तुला लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं. कधी लाईट नाही म्हणून, कधी वास्कोला बोटी बघायला गेलो म्हणून. तू गेलीस तेव्हा मला धड लिहिता येत नव्हतं. पुढे शाळा मी सोडली की शाळेने मला, ते तुला ठाऊक नाही तेच बरं. आणि हे टाकणार तरी कुठल्या पेटीत?

मी आता डिचोलीला एका औषधाच्या कंपनीत आहे. कातडीत, नखांत, हाडांत शिरते त्या बुरशीवर इथे नवं औषध शोधतात. माझं काम म्हणजे गावोगाव फिरून चिमूट चिमूट माती आणायची. मातीतले बारीक जीव कधी कधी असं काही सोडतात की बुरशी मरते, असं साहेब सांगतात. माझ्यासारख्या भटक्याला याहून बरं काम कुठलं? केरीच्या सुरूंखालची आणली, खाणीच्या कडेची आणली. भाषेच्या भांडणात रस्त्यावर झाडं आडवी घातली होती, तेव्हा बस अडकली तर उतरून तिथलीच पुडीत बांधली. फिरती नसली की काचेच्या बशा धुतो. सावंतवाडीकडचा सोबती चिडवतो, "काय रे गोंयकारा, तुमचां येगळां राज्य झालां, तरी तू बशयेच धुतंस!"

काजूच्या दिवसांत आपल्या लाटंबार्सेला गेलो होतो. हुर्राक प्यालो, ते जाऊ दे. येताना सातेरीच्या देवळात शिरलो. आत कोणी नव्हतं, नुसतं वारूळ, तीच आपली देवी, आणि त्यावरची अबोली. गुरवाशिवाय कोणी तिला हात लावत नाही, पण लहानपणी मी काठी खुपसली होती, आठवतं? तू मारलं नाहीस. माझा हात धरून सांडलेली माती परत थापायला लावलीस. "देवी ती. तिका दुखता रे, पुता." तुझा पाय तेव्हाच सुजलेला, शेतात काटा लागल्यापासून. मग त्याला भोकं पडली, काळे कण यायला लागले. म्हापशाचा डॉक्टर म्हणतो, बुरशी हाडात गेली, औषध नाही, पाय काढूया. आणि तू त्यालाच विचारतेस, "आनी लावणी कोण करतलो? तूं?" तो हसला. मीही हसलो. पाय राहिला, तू गेलीस.

तर त्या दिवशी मी देवीच्या मागच्या अंगाने नखावर मावेल एवढी माती काढली. का, ते सांगता येत नाही. आणि आये, सगळ्या पुड्यांत तीच लागली. बशीत तिच्याभोवती बुरशी उगवेचना. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून मला ती गोल, स्वच्छ जागा दाखवली. पण तो जीव पुढे वाढेना, मरून गेला. आता तीच माती पुन्हा हवी, टोपलीभर, खोलातली. "कुठली ही?" साहेबांनी विचारलं. पुडीवर गावाचं नाव घालायची माझी छाती झाली नव्हती. म्हटलं, आठवत नाही. "आठवत नाही? माती आणलीस की वाटेत पडलेला रुमाल उचललास?"

सांगितलं तर तिच्या पोटात कुदळ जाईल. नाही सांगितलं तर आणखी कुणाची तरी आय तुझ्यासारखी बसून राहील. मी नेहमी पळतो. काल स्टँडवर गेलोही. पेडण्याची बस लागली, वास्कोची लागली, सुटली. बाकावरून उठवलंच नाही. उद्या साहेब परत विचारणार.

थांब, दारात कोणी हाक मारतंय.

आये, गुरव आलाय. लाटंबार्सेहून, शोधत, माझ्या खोलीवर. वाटलं, कळलं याला. पण तो पायरीवर टेकून पायाचं फडकं सोडतोय. "पुता, तुज्या फॅक्टरींत ह्याचेर कितें मेळटा रे?" आत तेच काळे कण. औषध व्हायला वर्षं लागतील, त्याच्या वाट्याला ते यायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी तुला म्हणून सांगतो, तो पाय बघून मला आधी बरंच वाटलं, मातीचं याला कळलेलं नाही म्हणून.