तीन शब्दांचं एकच शेपूट

प्रिय मैने,

तू लेकाकडे राहायला गेलीस आणि आपल्या रेडिओरूमला कुलूप लागलं, ते अजून तसंच आहे. आता धावपट्टीवर उत्तर द्यायला कोणी नाही. आपण कुठे आहोत ते ज्याने त्याने हवेत सांगायचं आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं, एवढंच. सकाळी मी एकटी विमान काढते तेव्हाही सगळं नीट बोलते. डाउनविंडवर आहे, असं सांगते आणि तुझ्या उत्तरासाठी उगाच थांबते. दिवसभरात बोलणं होतं ते तेवढंच. घरी टीव्ही लावून ठेवते, घरात काहीतरी हलतंय असं वाटतं.

सध्या माझ्याकडे दातांची एक डॉक्टर विमान शिकायला येते. पस्तिशीची आहे, हात स्थिर आहे आणि प्रश्न फार विचारते. तू नवशिक्यांना टेबलाभोवती फिरवून शब्द घोकून घ्यायचीस, तसंच मी तिला फिरवलं. टेबल म्हणजे धावपट्टी. पलीकडच्या बाजूने, उतरायच्या दिशेने गेलं की अपविंड. टोकाशी आडवं वळलं की क्रॉसविंड. अलीकडून उलटं आलं की डाउनविंड. मग वळून बेस आणि धावपट्टी समोर आली की फायनल. पहिल्या तिघांना विंडचं एकच शेपूट आहे, डोकं गिळलंस तर समोरच्याच्या हातात नुसतं शेपूट येतं, हे तुझं वाक्यही ऐकवलं. ती म्हणाली, माझ्याकडे लोक तोंडात कापूस धरून बोलतात, तरी मला सगळं कळतं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी फेऱ्या मारत होतो. बाहेरगावचा एक वैमानिक येत होता. त्याने रेडिओवर सांगितलं, आणि मी ऐकलं, अपविंड. म्हणजे तो धावपट्टीच्या पलीकडे. आम्ही क्रॉसविंडवर होतो. मी डॉक्टरला म्हटलं, वळ बिनधास्त. ती वळायला कचरत होती, मी पुन्हा म्हटलं, वळ. आम्ही डाउनविंडला वळलो आणि तो समोर होता, मैने. इतका जवळ, की त्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी दिसली. मी विमान खाली दाबलं आणि तो आमच्या वरून गेला.

उतरल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. अपविंड आणि डाउनविंड यातला फरक कळत नसेल तर घरी पतंग उडवा, असंही म्हणाले. म्हातारा माणूस होता. टोपी हातात धरून उभा राहिला. ओठ हलले तेव्हा त्याचं म्हणणं समजलं: मी डाउनविंडच म्हणालो, बाई. मी ऐकून घेतलं नाही. तो चहाही न घेता निघून गेला.

डॉक्टर माझ्या मागोमाग आली. गाडीपाशी मला थांबवलं, अगदी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "बाई, ते डाउनविंडच म्हणाले होते. तुम्ही कान कधी तपासून घेतलेत?"

मी तिथून तडक रेडिओरूमकडे गेले आणि शिपायाकडून कुलूप उघडून घेतलं. तुझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. सेट चालू केला. त्याचं विमान अजून फार लांब गेलं नव्हतं. मी म्हणाले, चूक माझी होती, तुम्ही बरोबर बोलला होतात, माफ करा. त्याने उत्तर दिलं, मैने. बरंच मोठं दिलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आभार मानले आणि सेट बंद केला. तुझं बोलणं मला इतकी वर्षं कळत होतं, कारण तू काय बोलणार ते मला आधीच ठाऊक असायचं.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये सांगून टाकलं. विमानाची किल्ली जमा केली. डॉक्टर आता दुसऱ्याकडे शिकते. तपासणी झाली, यंत्र मिळेल, काही शब्द परत येतील म्हणतात, सगळे नाहीत. विमान चालवता येईल का, हे मी अजून विचारलेलं नाही.

हे तुलाच आधी सांगायचं होतं आणि लिहूनच सांगायचं होतं, कारण फोनवर मला तू ऐकू येत नाहीस. गेल्या रविवारी तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. मी हो हो म्हणत राहिले. मधे तुझा आवाज बदलला, तू हसत होतीस की रडत होतीस ते मला कळलं नाही, आणि मी तेव्हाही हो म्हणाले. मग तू फोन ठेवलास. मैने, तू काय सांगत होतीस? मला लिहून पाठव. पहिल्यापासून सगळं लिही.

वाट बघत असलेली,
तुझीच,
कॅप्टनबाई