घरच्या बाईची मंडई

माय,

तुला काय आवडायचं? मला सांगता येत नाही. संस्थेतर्फे मी गावोगाव बायकांची आरोग्य शिबिरं घेते, त्यात शेवटी ‘स्वतःसाठी वेळ’ असा एक भाग असतो. मागच्या महिन्यात तिरोड्याजवळच्या एका गावात मी म्हटलं, आपापल्या आईला काय आवडायचं ते सांगा. कोणी तळ्यावर मासे धरणं सांगितलं, कोणी विडी ओढणं. मग एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, तुमच्या मायचं सांगा ना." मी तोंड उघडलं आणि निघालं एवढंच, "ती फार कष्टाळू होती." म्हातारी म्हणाली, "ते तं आमचा बैलबी हाय." सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. पण गाडीवरून घरी येताना मला तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. अंगणात जमलेला प्रत्येक माणूस एकच बोलत होता, बाई कधी बसलेली दिसली नाही. जणू हे बक्षीसच. छातीत दुखतंय असं तू तीन दिवस आधी सांगितलं होतंस. बाबा दवाखान्यात चल म्हणाले, तर म्हणालीस, "एवढा रोवणा सरू द्या, मंग जाऊ." आणि बांधीतल्या चिखलात वाकून परहे, भाताची रोपं, लावत राहिलीस. रोवणा सरला. त्याचा भात आम्ही वर्षभर खाल्ला.

त्याहून जास्त राग मला मंडईचा येतो. दिवाळी झाली की आपल्याकडे आज या गावची, उद्या त्या गावची मंडई, म्हणजे जत्राच. लोक नातेवाइकांकडे जातात, जेवतात, दुपारी मैदानात दंडारीचं नाच-नाटक बघतात, जिलेबी घेऊन परततात. आपल्या मंडईला घरात तीसेक पाहुणे. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून दरवर्षी तुझ्या हातात झारा आणि मैदान शाळेच्या मागे, दोनशे पावलांवर. मी आठवीत होते. तू मला तेल आणायला धाडलंस आणि मी शाळेच्या भिंतीवर बसून दंडार बघत राहिले. तू स्वतः शोधत आलीस, पदराला पीठ लागलेलं. "कढईत तेल नाही अन् हे इथं नाच पाहून राहिली! काऊन वो, पावन्यायले काय तोंड दाखवू मी?" लोक वळून बघायला लागले. सोंगाड्यानं मंचावरूनच हाक दिली, "काकू, बसा ना दोन मिनिटं, तेल काही पळून नाही जात!" तू मला दंडाला धरलंस आणि वळलीस. सगळं तुझ्यासमोर चालू होतं, माय. रागवायचंच होतं, तर तिथे बसून रागवली असतीस.

तू गेल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. घरात पहिली बी.ए. झाले, नोकरी लागली. पहाटे स्वयंपाक, दिवसभर गावं, घरी आल्यावर अहवाल. बायकांना मी सांगते, दिवसातून अर्धा तास निवांत बसा, आणि हे उभ्यानं सांगते, कारण पुढच्या गावाला उशीर झालेला असतो. मध्यंतरी बाबा म्हणाले, "एकदम मायवर गेली तू." आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच चीड येते.

काल आपली मंडई होती. आठ दिवस आधीच मी सगळ्यांना फोनवर सांगितलं होतं, जेवण तयार असेल, वाढायला मी नसेन. कुणी खरं मानलं नाही. साडेअकराला भात, वरण, वांग्याची भाजी ओसरीवर मांडली, ताटं ठेवली आणि चूल विझवली. आत्या कमरेवर हात ठेवून दारात उभी. "वा मॅडम! पावन्यानं आता हातानं वाढून घ्यावं का?"

"व्हय आत्या. तुमीबी जेवून घ्या अन् चला माझ्यासंगं."

"तुझी माय असती तं असं झालं नसतं."

"मायनं एकदा पाह्यली असती मंडई, तं जगली असती," मी बोलून गेले. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण बोलले.

मैदानात पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. वरण पुरेल का, एवढंच डोक्यात. मग उकडलेले शिंगाडे घेऊन गवतावर बसले. दंडारीत मिशीवाला गडी सून झाला होता, सासूच्या पाया पडता पडता त्याचं लुगडंच सुटलं. मी इतकी हसले की शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "पोरी, श्वास तं घे!" तुझ्या वाटणीचंही बघायचं ठरवून गेले होते. खरं सांगते, त्या दोन तासांत मला तुझी एकदाही आठवण झाली नाही.

हे मी संस्थेच्या बैठकीच्या वहीत लिहिते आहे, आणि ते वहीतच राहील. काल परत आले तेव्हा आत्या न जेवता निघून गेली होती. बाबा म्हणाले, "फोन कर तिले. माफी माग." मी फोन बंद करून आत ठेवला आणि ओसरीवर येऊन बसले. बाबा बराच वेळ उभे होते. मग तेही बसले.